मूड ओळखणारं अ‍ॅप नको, ‘मग?’ विचारणारं करा

सांगलीच्या तीन इंजिनिअरिंगच्या मुलांनी (दोन मुली, एक मुलगा, शेवटचं वर्ष) विचारलंय ते थोडक्यात असं: मराठीत रोजचं मनातलं लिहायचं एआय अ‍ॅप करतोय, लिहिलेल्यावरून मूड ओळखणारं मॉडेल ट्रेन केलंय, अ‍ॅक्युरसी ७२ टक्क्यांवर अडकलीय ती कशी वाढवायची, अजून डेटा कुठून आणायचा, मोठं मॉडेल कुठलं घ्यायचं, आणि लोक रोज यावेत म्हणून स्ट्रीक (सलग किती दिवस लिहिलं त्याची साखळी) ठेवावी का.

मी गेली सहा-सात वर्षं याच भानगडीत आहे. पुण्यात छोटी टीम, दोन डेव्हलपर आणि एक समुपदेशक ताई, बास. बऱ्याच चुका आम्ही स्वतःच्या हाताने केल्यात, त्या तुमच्या वाचाव्यात म्हणून जरा लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे ते ७२ टक्के. ते वाढवू नका, ते मॉडेलच काढून टाका. अरे हो, सहा महिन्यांचं काम आहे माहितीय मला, आमचं आठ महिन्यांचं होतं. आमच्या पहिल्या व्हर्जनमध्ये प्रत्येक नोंदीला एक रंग मिळायचा, एक चेहरा मिळायचा, महिन्याअखेर रंगीत कॅलेंडर दिसायचं, डेमोला लोक वा वा करायचे. एका बाईंनी लिहिलं होतं (तपशील बदललेत, त्यांना विचारून सांगतेय) की आई गेल्यावर पहिल्यांदाच पुरणपोळी केली, कटाची आमटी अगदी तिच्यासारखी झाली आणि जेवताना सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. मॉडेलने ठप्पा मारला, दुःख, ८९ टक्के, निळा ढग. बाईंनी खाली लिहिलं, ‘दुःखी नव्हते हो, किती दिवसांनी मोकळं वाटलं.’ आता यात मॉडेल चुकलं असं म्हणायचं तर रडणं, आई गेली, सगळे शब्द दुःखाचेच होते की, कुठल्याही परीक्षेत त्याला मार्क मिळाले असते. गोची ही की आपण बाईंच्या आधी बोललो. त्या स्वतः शोधणार होत्या तो शब्द आपण त्यांच्या तोंडात कोंबला, आणि तोही चुकीचा.

भावनेला नाव देणं हेच तर या सगळ्यातलं मुख्य काम आहे ना. २००७ साली मानसशास्त्रज्ञ लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनवर एक प्रयोग केला होता, लोकांना रागावलेले घाबरलेले चेहरे दाखवले, आणि ते जेव्हा त्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडत तेव्हा त्यांच्या अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या धोक्याच्या घंटेची, हालचाल कमी झाली. शब्द निवडला कोणी, तर त्या माणसानेच. मशीनने निवडून दिला असता तर त्याचं काय झालं असतं हा वेगळाच प्रश्न. त्यामुळे तुमच्या मॉडेलची अ‍ॅक्युरसी ९५ झाली तरी तुम्ही एक चुकीचं काम जास्त अचूक करताय.

डेटाचंही तेच. पुण्याच्या एल३क्यूब या गटाने २०२१ मध्ये महासेंट नावाचा, वाक्य पॉझिटिव्ह की निगेटिव्ह की न्यूट्रल अशा खुणा केलेला मराठी डेटासेट काढला, चांगलं काम आहे, त्यांचे मजकूर समजणारे मराठी बर्ट मॉडेल आम्हीही वापरतो, पण महासेंट आहे ट्वीट्सवर. जाहीर बोलणारी माणसं जे जाहीर लिहितात ते. रात्री साडेअकराला ओट्यावरची भांडी घासून झाल्यावर फोनवर बोटाने लिहिलेलं ‘आज परत तेच’ हे वाक्य त्यात कुठून असणार? ते पॉझिटिव्ह की निगेटिव्ह की न्यूट्रल, सांगा बघू.

मग मूड मॉडेलच्या जागी काय ठेवायचं, तर शब्दांची वही. खरी वही, कागदाची, आमच्याकडे तशीच सुरू झाली. आम्ही आधी इंग्रजी भावनाचक्र घेऊन त्याचं भाषांतर केलं होतं, चिंताग्रस्त, भयभीत, उल्हसित, निराश. ताईने बघितलं आणि म्हणाली, माझ्यासमोर बसून आजवर एकाही माणसाने ‘मी चिंताग्रस्त आहे’ म्हटलेलं नाही. लोक म्हणतात जीव खालीवर होतोय, पोटात गोळा येतो, डोकं उठलंय, कशातच मन लागत नाही, उगाच कसंनुसं होतं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. आपल्याकडे भावना बऱ्याचदा शरीरातून बोलते, आणि अ‍ॅपने ते शरीरातलंच धरून पुढे विचारलं पाहिजे, ‘हा गोळा कधीपासून?’ असं. ‘म्हणजे तुम्हाला अँग्झायटी आहे का’ असं विचारलंत की माणूस लगेच डॉक्टरसमोर बसल्यासारखा सरळ होऊन बसतो आणि बोलणं बंद.

आणि किती बारीक फरक असतात बघा. हुरहूर, रुखरुख, खंत, तगमग, घालमेल, कालवाकालव. इंग्रजीतून विचार करणाऱ्या मॉडेलला हे सगळं एकाच टोपलीतलं. पण रुखरुख म्हणजे काहीतरी छोटं राहून गेलं, निघताना आजीला नमस्कार करायचा राहिला, ते टोचत राहतं. खंत मोठी असते आणि जुनी असते. हुरहूर बऱ्याचदा पुढच्याची असते, मुलगी उद्या हॉस्टेलला जाणार, आणि तिच्यात थोडा गोडवाही असतो. घालमेल म्हणजे दोन बाजूंनी ओढ, सांगू की नको सांगू. हे चार शब्द समोर ठेवून ‘यातलं कुठलं जवळचं वाटतं, की वेगळंच काही?’ एवढं विचारलं तरी माणूस थांबतो, विचार करतो, आणि मग लिहितो की रुखरुख नाही, खंतच आहे, वडिलांची. झालं, अ‍ॅपचं त्या दिवसाचं काम झालं! अजून काहीही बोलायची गरज नाही.

आता मोठ्या मॉडेलकडे येते. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउमने एलायझा नावाचा प्रोग्राम लिहिला, आजच्या हिशोबाने अगदी बालिश, तुम्ही ‘मला आईचा राग येतो’ लिहिलं की तो ‘आईबद्दल अजून सांगा’ म्हणणार, एवढंच. त्याच्या सेक्रेटरीने तो प्रोग्राम बनताना महिनोन्महिने बघितला होता, तिला पक्कं माहीत होतं आत कोणी नाही, तरी दोन-चार वाक्यं टाइप केल्यावर तिने वायझेनबाउमलाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तो बिचारा हादरला आणि पुढे आयुष्यभर कॉम्प्युटरच्या मर्यादांवर बोलत राहिला. मी ही गोष्ट टीममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण पोरं येतात ती ‘लोक एआयशी मोकळेपणाने बोलतील का’ या काळजीत असतात. बोलतात हो. साठ वर्षांपूर्वी मोजक्या नियमांशीसुद्धा बोलत होते. बोलतं करणं सोपंय, बोलून झाल्यावर त्या माणसाचं काय होतं तिथे खरी कसोटी आहे.

आणि तिथे आजची मॉडेल्स फार वाईट वागू शकतात, कारण ती गोड बोलतात. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओचं (चॅटजीपीटीमागचं तेव्हाचं मॉडेल) एक अपडेट सोडलं आणि ते इतकं हांजी हांजी करायला लागलं की काही दिवसांतच त्यांना ते मागे घ्यावं लागलं, त्यांनी स्वतः कबूल केलं. ते उघड दिसण्याइतकं होतं म्हणून लोकांनी आरडाओरडा केला, पण थोडंथोडं तर सगळ्याच मॉडेलमध्ये असतं. कोणी लिहिलं ‘आज परत सासूने टोमणा मारला, सगळी चूक त्यांचीच आहे’ की मॉडेल लगेच, हो तुमच्या भावना अगदी योग्य आहेत, तुम्ही खूप सहन केलंय. दुसऱ्या दिवशी परत सासू, परत शाबासकी. तिसऱ्या दिवशी परत. पंधरा दिवसांनी त्या बाईकडे आत्मचिंतन वगैरे काही नसतं, सासूविरुद्धची केस फाइल असते, आणि ती टाइप करून देणारा कारकून म्हणजे आपलं अ‍ॅप.

मानसशास्त्रात याला रुमिनेशन म्हणतात, आपल्याकडे सरळ शब्द आहे, तेच तेच उगाळत बसणं. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी यावर आयुष्यभर काम केलं, उगाळत बसल्याने उदासी लांबते आणि वाढते हे त्यांनी दाखवलं. वरून बघितलं तर उगाळणं आणि चिंतन सारखंच दिसतं, दोन्हीत माणूस स्वतःबद्दल लिहितोय, दोन्हीत शब्द भरपूर. आम्ही एक साधी खूण ठेवलीय, गेल्या काही नोंदींत नवीन काही आलंय का? नवीन माणूस, नवीन प्रसंग, ‘माझंही’ असा शब्द, एखादा प्रश्न. तेच प्रसंग त्याच शब्दांत चारदा आले की अ‍ॅप वाट बदलतं. म्हणतं, ‘हा प्रसंग चौथ्यांदा येतोय. आज तो बाजूला बसलेल्या बहिणीच्या नजरेने लिहून बघायचा का?’ थोडं लांबून बघणं, स्वतःला नावाने हाक मारून लिहिणं, यावर मिशिगनच्या ईथन क्रॉस यांचं बरंच संशोधन आहे आणि आमच्याकडे ते चांगलं चाललं. आपल्या बायका तर स्वयंपाकघरात स्वतःशी असंच बोलतात की, ‘काय गं बाई, एवढं मनाला लावून घेतेस’.

दुसरं दार आरईबीटीचं, म्हणजे मनातला विचार तपासून बघायच्या समुपदेशन पद्धतीचं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धत सुरू केली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती रुजवली, ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेतही ती वर्षानुवर्षं शिकवली जातेय, त्यामुळे मराठीत त्याची भाषा तयार आहे, भाषांतर करत बसायला लागत नाही. प्रसंग काय, मी मनात काय म्हटलं, मग काय वाटलं. हे तीन रकाने. पण रोज नको, आणि कोणी आत्ता रडत असेल तर अजिबातच नको. वडील परवा गेलेत आणि अ‍ॅप म्हणतंय ‘तुमचा विचार तपासून बघूया’, याला काय अर्थ आहे?

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली ती आत्ताच सांगते. प्रत्येक नोंदीनंतर आम्ही विचारायचो, ‘आता बरं वाटतंय का?’ आणि पाचपैकी किती स्टार ते मोजायचो, आणि तो आकडा वाढावा म्हणून प्रॉम्प्ट (मॉडेलला लिहून दिलेल्या सूचना) सुधारत बसायचो. आता मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांचा १९८६ चा लिखाणाचा प्रयोग बघा, रोज १५ मिनिटं, सलग ४ दिवस, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासाच्या गोष्टीबद्दल लिहायचं. फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत, दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहिल्या लिहिल्या मात्र त्या लोकांना जास्त वाईट वाटत होतं! अर्थात वाटणारच, जखमेवरची पट्टी काढल्यावर आधी झोंबतं. आम्ही ‘लगेच बरं वाटलं’ हा आकडा वाढवत होतो म्हणजे खरं तर अ‍ॅपला शिकवत होतो की कोणाला खोलात जाऊ देऊ नकोस, वरवरचं गोड बोलून सोडून दे. तो स्टार काढला. आता आठवड्याने एकदा विचारतो, ‘या आठवड्यात लिहिलेल्यातलं काही नंतर आठवलं का, कुठे?’ याचा ग्राफ निघत नाही, गुंतवणूकदारांना दाखवायला काही नसतं, पण उत्तरं वाचण्यासारखी असतात.

प्रॉम्प्ट कसा लिहायचा हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. आमचा आता जेमतेम दोन पानांचा आहे, आधी नऊ पानांचा होता. मुद्द्याचं एवढंच की एका वेळी एकच प्रश्न, वीस शब्दांच्या आत, सल्ला नाही, कौतुक नाही, माणसाने वापरलेला शब्दच परत वापरायचा, त्याने ‘वैताग’ म्हटलं तर तुम्ही ‘राग’ म्हणायचं नाही. आणि तीन वेळा विचारून झालं की थांबायचं, ‘आजपुरतं इथे थांबू’ म्हणायचं आणि पान मिटायचं. ताई काउन्सेलिंगमध्ये सगळ्यात जास्त काय बोलते हे मी एकदा बसून मोजलं होतं, तर ती बहुतेक वेळा फक्त ‘मग?’ म्हणते. कधी ‘आणि?’. कधी नुसतं ‘हं’. आम्ही एका आठवड्यासाठी टेस्टर लोकांना मॉडेलच काढून फक्त ‘मग?’ दाखवलं, लोकांनी नेहमीपेक्षा कमी लिहिलं नाही. हे कळल्यावर आम्ही दोघी डेव्हलपर थोडा वेळ गप्प बसलो होतो, जीपीयूचं, म्हणजे मॉडेल चालवणाऱ्या महागड्या चिप्सचं, बिल आठवून.

मराठी म्हणून जी खास दुखणी आहेत ती अशी. मॉडेलची सहानुभूती भाषांतरातून आलेली असते. ‘मी तुमच्यासाठी इथे आहे’, ‘हे ऐकून मला खेद वाटतो’, ‘तुमच्या भावना वैध आहेत’. वैध! भावना काय रेशन कार्ड आहे का? आपल्याकडे जवळचं माणूस म्हणतं, ‘बरंच साठलेलं दिसतंय’, नाहीतर ‘सोपं नाहीये हे’, नाहीतर काहीच म्हणत नाही आणि पाण्याचा ग्लास पुढे करतं. अशा वाक्यांची बंदी घालायची यादी करा, आमची यादी बऱ्यापैकी लांब झालीय. दुसरं, लिंग. ‘तू दमलास’ की ‘तू दमलीस’ याचा निर्णय मॉडेल नावावरून घेतं आणि किरण, शीतल, सुहास अशी नावं आली की फसतं, मनातलं लिहायला बसलेल्या माणसाला चुकीच्या लिंगाने हाक मारली की तो अ‍ॅप बंद करतो, उगाच वाद घालत नाही. ‘तुम्ही दमलात का’ म्हटलं की प्रश्न सुटतो, म्हणून आम्ही सगळीकडे तुम्ही धरलं. तरी ‘तुम्ही एकटे आहात का’ तिथे परत अडकतंच, मग ‘सोबत कोणी आहे का’ असं वळवून विचारायचं. आणि अ‍ॅपने स्वतःबद्दल ‘मी’ म्हणायचंच नाही. समजलो की समजले हा प्रश्नही नको, आणि आत कोणीतरी बसलंय असा भासही नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्याबद्दल तुमच्या प्रश्नात एक अक्षर नाही. एखाद्या रात्री कोणीतरी लिहिणार की आता जगावंसं वाटत नाही. ‘आमचं अ‍ॅप त्यासाठी नाहीये’ हे उत्तर चालणार नाही, तुम्ही मनातलं लिहायला जागा दिलीत ना, मग तेही लिहिलं जाणारच.

आमची पहिली सोय म्हणजे शब्द शोधणारा फिल्टर. त्यात ‘मर’ टाकलं होतं. पहिल्याच दिवशी हेल्पलाइनचं कार्ड कोणाकोणाला गेलं माहितीय? ज्यांनी मराठी लिहिलं त्यांना. अमरावती, कॉमर्स, कमरेत चमक भरली, स्मरण, सगळ्यांना. हसू नका, तुम्हीही हेच केलेलं असणार. मग आम्ही ‘जीव’ घेतला, तर आपली अर्धी भाषा जीवावर चालते. जीव लावला, जीव टाकते ती त्याच्यावर, जीव रमत नाही, जीव भांड्यात पडला, जीव मुठीत धरून बसलो, शिवाय मरमर काम केलं, मेले मी हसून हसून. यातलं काहीच धोक्याचं नाही. आणि जे खरंच धोक्याचं ते शांत शब्दांत येतं, त्यात मरण हा शब्दच नसतो. ‘सगळी निरवानिरव केली.’ ‘आता कोणाला माझा त्रास नको.’ ‘सुटेन एकदाची.’ ‘काही बरंवाईट झालं तर पोरांना बघा.’ आमच्या फिल्टरमधून हे सगळं पाण्यासारखं आरपार गेलं असतं. सुदैवाने ते टेस्टिंगमध्ये लक्षात आलं, ताईने स्वतः बसून अशी वाक्यं लिहून काढली म्हणून. तुम्ही दहा जीपीयू लावून हे शिकणार नाही, अशा माणसांसोबत काम केलेलं कोणीतरी टीममध्ये हवंच, फुकट सल्लागार म्हणून नाही, पगारावर आणि ‘हे रिलीज होणार नाही’ म्हणायच्या अधिकारासकट.

आता आम्ही प्रत्येक नोंद दोन वेगळ्या मॉडेलकडून तपासतो, ती फक्त एवढंच बघतात, गप्पा मारत नाहीत, आणि दोघांपैकी एकालाही शंका आली तर अ‍ॅप साधं आणि सरळ विचारतं, ‘स्वतःला इजा करायचा विचार मनात येतोय का?’ सरळ विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती खोटी आहे, ताईसारखे समुपदेशक हे रोज विचारतात. उत्तर हो असेल तर एआय तिथेच बाजूला होतं आणि आधीच लिहून ठेवलेला, माणसांनी तपासलेला मजकूर येतो, टेली-मानसचा १४४१६ एका बटणावर, सोबत घरातलं किंवा जवळचं एक माणूस, ज्याचा नंबर सुरुवातीलाच विचारून ठेवलेला असतो, आणि लगेच धोका असेल तर ११२. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. तो नंबर फक्त संकटात नाही, प्रत्येक पानावर खाली दिसू दे. आणि कृपा करून, असं काही लिहिल्यावर चॅट लॉक करू नका. एका टेस्टरने आम्हाला सांगितलं होतं की लॉक झालं तेव्हा ‘तोंडावर दार लावल्यासारखं वाटलं’, ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. लिहायची जागा उघडी राहू दे, फक्त एआयने तिथे शहाणपणा करायचा नाही.

याच कारणाने पीएचक्यू-९ सारखी नैराश्य तपासायची प्रश्नावली ‘मजेशीर क्विझ’ म्हणून टाकू नका. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दलच आहे, आणि त्याच्या उत्तरानंतर काय करायचं हे तुमच्याकडे ठरलेलं नसेल तर विचारायचा तुम्हाला हक्क नाही.

प्रायव्हसीवर एक किस्सा आणि दोन-तीन गोष्टी. आम्ही डायरी फोनवरच ठेवली, एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये, त्यावर एन्क्रिप्शनचं कुलूप, सर्व्हरवर काही साठवत नाही, फार अभिमान होता. मग एक दिवस क्रॅश रिपोर्ट बघताना मला स्क्रीनवर कोणाच्या तरी नवऱ्याबद्दलचा पूर्ण परिच्छेद दिसला. अ‍ॅप ज्या ओळीवर पडलं तिथला सगळा मजकूर क्रॅशवालं टूल इमानदारीत उचलून बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर पाठवत होतं, चूक पूर्ण माझी, सेटिंग मीच केलं नव्हतं. त्या दिवशी सगळं थांबवून डिलीट केलं आणि ज्यांचे रिपोर्ट होते त्यांना कळवलं. फिनलंडमधल्या वास्तामो या थेरपी देणाऱ्या कंपनीचं प्रकरण वाचा एकदा, सुमारे ३३ हजार लोकांच्या थेरपीच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये चोराने आधी कंपनीकडे आणि मग थेट पेशंटना ईमेल करून खंडणी मागितली. अमेरिकेत ऑनलाइन समुपदेशनाच्या बेटरहेल्प कंपनीला लोकांची माहिती जाहिरातवाल्यांना दिल्याबद्दल २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरावे लागले. त्यामुळे जाहिरातीचं एसडीके (जाहिरात कंपनीचा तयार कोड) या अ‍ॅपमध्ये येताच कामा नये, फुकटचं अ‍ॅनालिटिक्ससुद्धा दोनदा विचार करून.

पण आपल्याकडे हॅकरपेक्षा मोठा धोका म्हणजे घरातलं माणूस. फोन एकटीचा नसतो. मुलगा गेम खेळायला घेतो, नवरा ओटीपी बघायला घेतो, सासूबाई व्हिडिओ कॉलला. आमचं नोटिफिकेशन एकदा लॉक स्क्रीनवर गेलं, ‘काल घरातल्या भांडणाबद्दल लिहिलं होतं, आज कसं वाटतंय?’ आणि ते वाचलं भलत्यानेच. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून नोटिफिकेशनमध्ये फक्त ‘आजचं पान’ एवढंच, आणि आयकॉन साध्या नोटपॅडसारखा. मेमरीचंही जपून करा, अ‍ॅपला सगळं आठवणं हे वैशिष्ट्य म्हणून विकू नका. घटस्फोटानंतर पाच महिन्यांनी अ‍ॅपने जुन्या नवऱ्याची विचारपूस केलेली कोणाला आवडेल? काय लक्षात ठेवलंय ते दिसलं पाहिजे आणि एका बोटाने पुसता आलं पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात. डीपीडीपी, म्हणजे लोकांच्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा, २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे, पण तुम्ही आजच पाळा. त्यात १८ खालचे सगळे लहान मूल धरलेत, पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला बंदी आहे, म्हणजे कॉलेजच्या फर्स्ट इयरची कित्येक पोरं त्यात येतात. आम्ही सरळ १८ वरचेच घेतो. संमतीची सूचना मराठीत द्या, तसा पर्याय द्यायला कायदाच सांगतो, आणि ती अशी लिहा की तुमच्या आत्याला कळेल. आणि जाहिरातीत ‘डिप्रेशन बरं करतं’ असं लिहिलंत तर तुम्ही वैद्यकीय उपकरणाच्या हद्दीत गेलात, १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सॉफ्टवेअरही त्यात येतं. तुमचं अ‍ॅप डायरी आहे, डायरीच म्हणा. अमेरिकेत वोबॉट नावाचं मानसिक आरोग्याचं चॅटबॉट होतं, २०१७ पासून, संशोधन करून केलेलं, तरी ३० जून २०२५ ला बंद झालं, आणि एफडीएच्या (औषधं-उपकरणांवरचं तिथलं सरकारी खातं) मंजुरीचा खर्च आणि खटाटोप हे त्यातलं मोठं कारण असल्याचं त्यांच्या संस्थापिकेनेच सांगितलं.

मॉडेल कुठलं, हे खरं तर सगळ्यात कमी महत्त्वाचं. मराठीचं टोकन गणित बघून घ्या (टोकन म्हणजे मॉडेल मजकुराचे जे तुकडे करतं ते, बिल त्यावरच येतं), जुन्या टोकनायझरमध्ये देवनागरी फार महाग पडायची, जीपीटी-४ओच्या वेळी ओपनएआयने दिलेल्या मराठी उदाहरणात ९६ टोकनचे ३३ झाले होते, म्हणजे मॉडेल बदललं की बिल तिसऱ्या हिश्श्यावर येऊ शकतं. तुमचे निम्मे लोक रोमन लिपीत लिहिणार, एकच शब्द पाच स्पेलिंगने, आणि मध्येच हिंदी, ते आधी देवनागरीत आणायचा प्रयत्न करू नका, मोठ्या मॉडेलला ते तसंच समजतं, बदलताना अर्थ हरवतो. आवाजाने लिहायची सोय असेल तर वयस्कर लोक येतात, एआय४भारत या संशोधन गटाचे बोललेलं लिहून देणारे मराठीचे मॉडेल बघा, पण रडत रडत बोललेलं कुठल्याच मॉडेलला नीट कळत नाही, आणि शांतता तर ते कापूनच टाकतात. बोललेलं नेहमी माणसाला दाखवा आणि दुरुस्त करू द्या.

स्ट्रीकबद्दल, नाही. ज्या दिवशी माणूस बरा असतो त्या दिवशी तो लिहीत नाही, मित्रांबरोबर भेळ खायला जातो, आणि तुम्ही त्याला रात्री सांगणार की तुझी ४१ दिवसांची साखळी तुटली? आमच्याकडे कोणी महिनाभर आलं नाही तर आम्ही काही पाठवत नाही. धंद्याच्या दृष्टीने हे मूर्खपणाचं आहे, आमचं वर्षाला पैसे भरून घ्यायचं मॉडेल आहे म्हणून परवडतं, आणि परवडतं म्हणजे तिघांचा पगार निघतो, तेवढंच.

तर आत्ता काय करा, लॅपटॉप बंद करा आणि दोन आठवडे ओळखीतल्या आठ-दहा जणांना, वयाने मोठ्यांना, साध्या वह्या द्या. रोज रात्री तुमच्यापैकी एकाने त्यांना एकच प्रश्न पाठवायचा, उत्तर वहीतच राहणार, ते तुम्ही मागायचं नाही. पंधरा दिवसांनी चहाला बोलवा आणि फक्त विचारा, कुठल्या प्रश्नाला पेन थांबलं आणि कुठल्या प्रश्नाचा राग आला. यातून जे कळेल ते घेऊन प्रॉम्प्ट लिहा. सांगली-मिरजेत कोणी समुपदेशक मिळतात का ते त्याच्याही आधी बघा.

आमची ती ‘जीव’वाली यादी आणि बंदी घातलेल्या वाक्यांची यादी मी तुम्हाला देते, फुकट, अट एकच. त्यात पुण्या-मुंबईकडचं आणि थोडं वऱ्हाडी आहे, तुमच्या बाजूचं फार कमी. ‘डोस्कं फिरलंय’च्या पुढे आमची मजल गेलेली नाही. तुमच्या आज्या, मावश्या, शेजारपाजारच्या म्हाताऱ्या मनाचं दुखणं कुठल्या शब्दांत सांगतात ते ऐकून भरा आणि यादी परत पाठवा.